ताब्याचा निकाल विरोधात गेला, आणि वकिलांनी कागदच लावले नव्हते

शनिवारचा_बाबा

मंडळी, सोमवारी निकाल लागला. मुलगी सात वर्षांची. ताबा तिच्या आईकडे, मला दुसरा आणि चौथा शनिवार, अकरा ते पाच. रात्रीचा मुक्काम नाही. सुट्ट्यांबद्दल अवाक्षर नाही.

तिची आई वाईट आहे असं मी कोर्टात म्हटलं नाही, इथेही म्हणणार नाही. मागितलं होतं ते एवढंच: आठवड्यातल्या दोन रात्री आणि अर्धी सुट्टी.

झोंबलंय ते निकालातलं एक वाक्य. वडिलांनी दैनंदिन संगोपनातील सहभागाचा कोणताही पुरावा दाखल केलेला नाही, म्हणे. अहो, पुरावा मी दीड वर्षापूर्वी वकिलांच्या टेबलावर ठेवला होता! निळी फाईल. लसीकरणाचं कार्ड, पालकसभांच्या हजेरीची पानं, तिच्या दम्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या, आणि जिथे पालकाची सही लागते तिथे सही माझी. निकालानंतर त्यांच्या ऑफिसात गेलो तर फाईल कपाटावर. मी लावलेला रबरबँड तसाच, सुकून पुठ्ठ्याला चिकटलेला. विचारलं तर म्हणाले, ‘त्याने काही फरक पडला नसता.’ उलटतपासणीला ज्युनिअर पाठवला होता, त्याने माझ्या मुलीचं नावही चुकीचं घेतलं. दोनदा.

हे कागद अपिलात लावता येतील का? वकिलांविरुद्ध काही करता येतं का? उरलेली फी दिल्याशिवाय फाईल देणार नाही म्हणतात.

काळा_कोट

मी वकिली करतो, पण तुमचा निकाल वाचलेला नाही, तेव्हा हे ढोबळ समजा.

कुटुंब न्यायालयाच्या अंतिम निकालावर अपील थेट उच्च न्यायालयात. कुटुंब न्यायालय कायदा १९८४, कलम १९, मुदत ३० दिवस. हिंदू विवाह कायद्यातल्या ९० दिवसांचा आधार कुणी सांगेल, पण तुम्ही तीसच धरून चाला. निकालाच्या प्रमाणित नकलेचा, म्हणजे कोर्टाने शिक्का मारून दिलेल्या प्रतीचा, अर्ज आजच टाका. नक्कल मिळायला लागलेला वेळ मुदतीतून वगळतात, पण अर्ज केल्याशिवाय तो वेळ मोजायचा कुठून?

कागदांचं मात्र कडू आहे. अपिलात नवा पुरावा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४१, नियम २७ खाली मागता येतो, आणि ते दार अरुंद आहे. ‘कागद माझ्याकडे होते, वकिलाने लावले नाहीत’ एवढ्यावर ते सहसा उघडत नाही. म्हणून दुसरी वाट विसरू नका. ताब्याचा आदेश दगडावरची रेघ नसतो. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच रोझी जेकब प्रकरणात म्हटलंय की मुलाच्या गरजा बदलल्या तर असे आदेश बदलता येतात. तुमची केस हिंदू विवाह कायद्याखाली असेल तर कलम २६ बघा. मुक्काम आणि सुट्ट्यांसाठी त्याच कोर्टात अर्ज करता येईल, पण परिस्थितीत काय बदललं ते दाखवावं लागेल.

फाईल तुमची आहे. फीसाठी वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये स्पष्ट केलंय. लेखी मागा, पोच घ्या. तक्रार करायची तर राज्याच्या बार कौन्सिलकडे, म्हणजे वकिलांवर कारवाई करणाऱ्या संस्थेकडे, वकील कायद्याचं कलम ३५. वकिलांविरुद्ध ग्राहक मंचाचा रस्ता सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२४ च्या निर्णयानंतर बंद झाला. आणि तक्रारीने तुमचा निकाल बदलणार नाही, हेही डोक्यात असू द्या.

सरळसोट

दीड वर्षात फाईल लावली का हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत? राग मानू नका. अपिलात पहिला प्रश्न हाच येणार. कोर्टाचा रोजनामा काढून वाचा. कुठल्या तारखेला कोण हजर होतं, मुदत कुणी मागितली, सगळं त्यात असतं.

जुनी_पक्षकार

दादा, मी आई आहे आणि ताबा माझ्याकडे नव्हता. त्यामुळे लोक काय बोलतात ते मला सांगू नका, पाठ आहे.

पहिले सहा महिने मी वकिलाला शिव्या घालण्यात घालवले. चुकलाच होता तो. पण त्या सहा महिन्यांत मुलाच्या तीन भेटी मी रागातच बुडवल्या, आणि दुसऱ्या अर्जाच्या वेळी समोरच्या वकिलाने त्या तीन तारखा वाचून दाखवल्या.

मग वही घातली. मी काय लिहायचे? ‘११.०५ ला आला. डावा बूट घट्ट होतोय. सातचा पाढा अडतो. ४.५५ ला सोडला.’ कंटाळवाणं अगदी. रडगाणं एक ओळ नाही, त्याच्या वडिलांबद्दल एक शब्द नाही. दोन वर्षांनी महिन्यातून दोन मुक्काम मिळाले. वहीमुळेच असं नाही म्हणत, पण न्यायाधीशांनी ती मागून घेतली आणि बराच वेळ चाळत बसले.

पाच म्हणजे पाचला सोडा. आणि कोर्टात न्यायाधीशांनी आत बोलावून काय विचारलं, हे मुलीला कधी विचारू नका. माझ्या तोंडून एकदा निघालं. तो पुढचा तासभर बुटाच्या नाड्या सोडत-बांधत बसला.

शनिवारचा_बाबा

रोजनामा काढला. आमच्याच बाजूने चार वेळा मुदत मागितलीय, मला एकदाही सांगितलं नव्हतं. आणि एका तारखेपुढे ‘प्रतिवादी गैरहजर’. तो मीच. त्या दिवशी ऑफिसचं काम काढून मी गेलो नव्हतो, पार विसरून गेलो होतो. सरळसोट, तुमचा राग आला होता, पण असो.

पत्र दिल्यावर तिसऱ्या दिवशी फाईल मिळाली. रबरबँड काढताना लसीकरणाच्या कार्डाचा कोपरा फाटला, तो चिकटवून घेतला. नकलेचा अर्ज टाकलाय. अपिलासाठी दुसऱ्या वकीलबाईंना भेटलो, त्यांनी कागद आधी स्वतः वाचले, मग मला बसा म्हणाल्या.

वही आणलीय. परवा चौथा शनिवार आहे.