लाव्हाचा खडक आणि इतिहास एकत्र दाखवणारी भटकंती: गाविलगड की लोणार?

वाशीमची आई: नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणींना घेऊन निघायचंय, तिघी दहावीत. आपला काळा दगड लाव्हाचा, हे त्यांनी पुस्तकात वाचलंय. आता त्यावरून चालायचंय. इतिहास नीट सांगणारा वाटाड्या हवा. एकच मुक्काम जमेल.

अचलपूरकर: ताई, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड किल्लाच. तिथली लढाई दगडानेच ठरवली. दक्षिणेला, पूर्णेच्या मैदानाकडे, तुटलेला कडा. उत्तरेला मात्र चिखलदऱ्याच्या पठाराकडून वाट. १८०३ च्या डिसेंबरात, इंग्रज-मराठा युद्धात, इंग्रज सेनापती वेलस्ली (पुढे वॉटरलू जिंकला तोच) दक्षिणेला थांबला आणि त्याचा सहकारी स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून तोफा ओढत उत्तरेची बाजू गाठली. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाच्या खिंडारातून फौज आत घुसली, तरी आतला किल्ला शाबूत होता. मग काही शिपाई मधली दरी ओलांडून शिड्यांनी वर चढले आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. नागपूरकर भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. हे सगळं त्या दरीच्या काठावर उभं राहूनच ऐकायला हवं. किल्ल्याच्या दिल्ली दरवाज्यावरचा गंडभेरुंडही (दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी) दाखवायला सांगा.

गाडीतून ‘पॉइंट’ उरकणारे नकोत. पायी फिरवणारा तिथलाच माणूस, इथल्या कोरकू आदिवासींपैकी मिळाला तर उत्तम, अख्ख्या सकाळीसाठी ठरवा. पैसे आधी बोलून घ्या.

मेहकरचा भाचा: लोणारही दाखवाच, पण ते ज्वालामुखीचं तोंड नव्हे हे मुलींना आधी सांगा. लाव्हाच्या खडकावर उल्का आदळून झालेला खड्डा आहे तो, व्यास सुमारे १.८ किमी. गावातलं दैत्यसूदन मंदिर चुकवू नका. वाशीमहून सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येईल.

वाशीमची आई: मग मुक्काम चिखलदऱ्याला, लोणार दुसऱ्या रविवारी. भाऊ, लाव्हाचे थर ओळखायचे कसे?

अचलपूरकर: समोरचा डोंगर लांबून पाहा, पायऱ्या दिसतील. घट्ट थराचा कडा राहतो, भोकाभोकांचा थर झिजून उतार होतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थांबून थांबून वाहिला. दोन थरांमध्ये कुठे विटकरी पट्टा दिसला, तर ती बहुधा मधल्या काळात उघडी पडून झिजलेली जमीन. भोकांत पांढरे स्फटिकही सापडतात. पाहू द्या, फोडू देऊ नका. व्याघ्रप्रकल्पाचं जंगल आहे, प्रवेशाची वेळ आदल्या दिवशी विचारा. सकाळी थंडी असते, स्वेटर घ्या. पाणी खालूनच भरून न्या.