बडोद्याला कायमचं राहायला जावं का? (सल्ला हवा)

डोंबिवली_फास्ट_चुकली

नमस्कार मंडळी.

आम्ही डोंबिवलीचे. मी पाइपिंग डिझाइनमध्ये आहे, वय ४१. बायको मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते, मुलगी यंदा सहावीत जाईल. गेल्या हिवाळ्यात कंपनीने कोयलीच्या रिफायनरीतल्या कामासाठी मला बडोद्याला धाडलं. तोवर बडोदा म्हणजे अहमदाबादला जाताना गाडी थांबते ते मोठं स्टेशन, एवढीच माझी ओळख. तिथे कोणी फिरायला जातं असंही कधी ऐकलं नव्हतं.

आणि मी पार प्रेमात पडून आलो हो. साडेसहाला खोलीवर, सातला कमाटी बागेत. वीस लाखांच्या आसपास वस्तीचं शहर, पण संध्याकाळ अजून माणसांच्या हातात आहे. दांडिया बाजारात फिरताना वरच्या गॅलरीतून "अगं, दूध आणलंस का?" असं ऐकू आलं आणि मी चक्क थांबलोच. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत गेलो. १९१० साली सुरू झालेलं ग्रंथालय, लोखंडी कपाटं, मजल्यांना काचेची जमीन, आणि मराठी पुस्तकांचा वेगळा साठा. न्यायमंदिर, सूरसागर तलाव, खंडेराव मार्केट, यांच्यासमोर लोक भाजीचा भाव करत असतात. दुसरीकडे तिकीट लावलं असतं.

आता तिथेच नोकरी मिळण्याची शक्यता आहे. घर विकून जावं का? कुठल्या भागात बघावं? मुलीच्या शाळेचं काय? बायको म्हणते, तू कामाला गेला होतास, संसाराला नव्हे. तिचं म्हणणं मला खोडता येत नाहीये, म्हणून इथे विचारतोय. गोडगोड नको, खरं सांगा.

---

गायकवाडी_चौथी_पिढी

बडोद्याचं कुणी एवढं कौतुक केलं की आम्हाला आधी संशयच येतो. पणजोबा सयाजीरावांच्या काळात नोकरीला आले, तेव्हापासून इथेच. तेव्हा आमच्याकडून घ्या.

पहिलं म्हणजे घर विकू नका. वर्षभर भाड्याने राहा, आणि त्या वर्षात मे महिना आणि ऑगस्ट महिना दोन्ही अनुभवा. तुम्ही हिवाळ्यात आलात. हिवाळ्यातलं बडोदं बघून कुणीही भाळेल. मे महिन्यात पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा कमाटी बागेत सातलासुद्धा झळा लागतात.

दुसरं, शहर समजून घ्या. रेल्वेलाइनच्या पश्चिमेला अलकापुरी, गोत्री, वासणा. हे नवं, रुंद रस्त्यांचं, बाहेरून आलेल्यांचं बडोदं. पूर्वेला, नदीपलीकडे रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी, वाडी हे जुनं शहर. मराठी घरं मुख्यतः इथली, पण आता मुलं गोत्री-मांजलपूरला जाऊन राहिलीत आणि वाड्यांत म्हातारी माणसं उरलीत. गॅलरीतली ती बाई कदाचित माझी मावशीच असेल. 😄 जुन्या शहरात राहायची हौस असली तरी गाडी लावायला जागा नाही, हे आधी बघा.

तिसरं, नोकरी नक्की कुठे? तुमच्या लाइनला हे शहर चांगलं आहे यात वाद नाही. १९६०च्या दशकात रिफायनरी आणि जीएसएफसी ही खतांची कंपनी आली, मागोमाग आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी (ती २००२ मध्ये रिलायन्सकडे गेली), आणि त्यांच्या आधाराने डिझाइनच्या कचेऱ्या वाढल्या. एल अँड टीच्या इंजिनिअरिंग कचेऱ्यांचं नॉलेज सिटी आहे, लिंडे कंपनी आहे. सावलीला अल्स्टॉम मेट्रोचे डबे बनवते, आणि टाटा-एअरबसचा सी-२९५ विमानांचा कारखाना ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला. म्हणजे एक नोकरी गेली तर दुसरी शोधायला गाव सोडावं लागत नाही. पण नॉलेज सिटी हायवेला, पूर्वेला. तिथे काम मिळालं आणि घर गोत्रीत घेतलंत तर रोज अख्खं शहर ओलांडाल. मग वाघोडिया रोड नाहीतर न्यू व्हीआयपी रोड बघा. काम कोयली-बाजवा-नंदेसरीच्या पट्ट्यात असेल तर पश्चिम बरी, पण उंडेरा-छाणीकडे फार सरकू नका. थंडीत पहाटे केमिकलचा वास येतो.

मेट्रो नाही. सिटी बस आहे, तिच्यावर भरवसा ठेवून नोकरी करू नका. दुचाकी लागेलच.

---

तर्रीबाज

महाकालीची सेव उसळ खाल्लीत का? नसेल तर प्रेमात पडलात कसे?

---

डोंबिवली_फास्ट_चुकली

@तर्रीबाज, खाल्ली की. वाटाण्याची उसळ, वरून सेव आणि कांद्याची पात, तर्री हवी तेवढी. दुलीरामचे पेढेही आणले होते, बायकोचं मत तेवढ्यापुरतं पालटलं.

---

विश्वामित्रीकाठची

मी समा भागात राहते. चौथ्या पिढीवाल्यांनी ऑगस्टचा नुसता उल्लेख केला, मी इस्कटून सांगते, कारण घर बघताना दलाल हे सांगत नाही.

विश्वामित्री शहराच्या मधून वाहते. एरवी इतकी बारीक की नदी आहे हेच विसरायला होतं. तिच्यात मगरी आहेत, खऱ्याखुऱ्या, भर वस्तीत. पावागडाकडून पाणी येतं, वर आजव्याचं धरण भरलं की तिथलं सोडतात, आणि इकडे पात्र वळणावळणाचं, काठावर बांधकामं झालेली. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस पडला. ऑगस्ट २०२४ चा पूर आणखी वाईट. धोक्याची पातळी २६ फूट, नदी ३५ च्या वर गेली. आमच्या तळमजल्यात छातीपर्यंत पाणी होतं. फ्रिज तरंगत होता. वीज नाही, पिण्याचं पाणी नाही, सोसायटीच्या गच्चीवर सगळे एकत्र जेवत होतो. पाणी ओसरल्यावर शेजारच्या गल्लीतून मगर पकडून नेली. बाहेरच्यांना गंमत वाटते, आम्ही पोरांना आठवडाभर अंगणात सोडलं नाही.

त्यानंतर नदीचं पात्र रुंद आणि खोल करायचं काम झालंय. किती उपयोगी पडलं ते मोठ्या पावसात कळेल.

तर घर बघायला जाल तेव्हा दलालाला नको, वॉचमनला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा: "२०२४ ला इथे पाणी कुठपर्यंत होतं?" भिंतीवर हात लावून दाखवतील. समा, कारेलीबाग, अकोटा, मुजमहुडा, वडसर इथे एकाच रस्त्यावर एक सोसायटी कोरडी आणि पुढची पाण्यात असते, म्हणून भागाच्या नावावर जाऊ नका. तळमजला कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

एवढं होऊन मी इथेच आहे. का, ते नीट सांगता येणार नाही. त्या गच्चीवरची माणसं हे एक कारण असेल.

---

पेठेतला

नागपूर का नाही? मराठी, मोठं, मेट्रो आहे, आणि भाषेची कटकट नाही.

---

डोंबिवली_फास्ट_चुकली

@पेठेतला, नागपूर छानच असेल हो, पण नोकरी तिथे नाही आणि प्रेमात इथल्या पडलोय. शिवाय आईवडील डोंबिवलीला. वंदे भारतने बडोदा-मुंबई साधारण चार तासांत होतं, गाड्याही भरपूर. नागपूरहून रात्र जाते.

---

खडू_फळा

वहिनी शिक्षिका आहेत म्हणून मुलीच्या शाळेचं नीट लिहितो.

गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी सगळ्या बोर्डांच्या शाळांत गुजराती सक्तीची आहे. सीबीएसईत घातलंत तरी. परराज्यातून आलेल्या मुलांना पालकांच्या अर्जावर सूट मिळण्याची सोय कायद्यात आहे, पण माझं मत विचाराल तर घेऊ नका. देवनागरी येणाऱ्या पोरीला गुजराती वाचायला फार वेळ लागत नाही, वरची रेघ काढली की अर्धी अक्षरं ओळखीची. भाषा आली की मैत्रिणी मिळतात. सूट घेतलेलं मूल त्या तासाला वेगळं बसतं.

खरा मुद्दा पुढचा. इंजिनिअरिंग-मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी दहावी-बारावी कुठे झाली हे बघतात. आता जाऊन दहावीच्या वर्षाला परत आलात तर दोन्हीकडचे नियम तपासत बसाल. जायचं तर बारावीपर्यंतचा विचार करून जा, नाहीतर जाऊच नका. वर्षभर भाड्याने राहून बघायचा सल्ला बरोबर आहे, पण ते वर्ष सहावीचं असू दे, नववीचं नको.

वहिनींच्या नोकरीचं मात्र अवघड. मराठी माध्यमाच्या शाळांना तिथे आता मुलं मिळत नाहीत. हिंदी किंवा गणित शिकवायची तयारी असेल तर इंग्रजी शाळांत जागा निघतात. पगारावर त्यांनी स्वतः बोलावं, तुम्ही गृहीत धरू नका.

---

निळी_शाई

भाड्याचं घर शोधताना काय होतं यावर कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

फोनवर पहिला प्रश्न आडनाव. दुसरा, नॉनव्हेज खाता का. मराठी आडनाव ऐकलं की दुसरा प्रश्न हमखास. सगळीकडे नाही, पण पश्चिमेच्या सोसायट्यांत बऱ्याच ठिकाणी. मला तीन बेडरूमचं रिकामं घर दाखवून, आडनाव कळल्यावर "भाई परदेशातून येतोय" असं सांगितलं गेलं.

१९१७ साली कोलंबिया आणि लंडनला शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. शिष्यवृत्ती सयाजीरावांचीच होती. पण गावात राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन एका पारशी सरायीत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढलं. पुढची गाडी येईपर्यंत ते कमाटी बागेत बसून होते. आता त्या जागेला संकल्पभूमी म्हणतात. तुम्ही संध्याकाळी जाता ती हीच बाग. बाग सुंदर आहे, मीही रोज जातो.

आणखी एक. शहराच्या काही भागांना अशांत धारा, म्हणजे अशांत भागांतल्या मालमत्तेचा कायदा, लागू आहे. तिथे मालमत्ता विकायला कलेक्टरची परवानगी लागते, आणि प्रत्यक्षात त्याचा अर्थ हिंदू-मुसलमानांनी एकमेकांना घर विकणं कठीण. विकत घेताना वकिलाला हे पहिलं विचारा. पुढे तुम्हाला विकायचं झालं तरी तेच लागू.

---

गायकवाडी_चौथी_पिढी

@निळी_शाई, खरं आहे. आमच्या आजोबांच्या पिढीला सयाजीरावांची सक्तीच्या शिक्षणाची गोष्ट सांगायला आवडायची (१९०६, सगळ्या संस्थानभर), तुमची गोष्ट कधी सांगत नसत.

भाड्यासाठी: फत्तेगंज, निझामपुरा, सयाजीगंज इकडे युनिव्हर्सिटीमुळे बाहेरची माणसं खूप, तिथे हे प्रश्न कमी विचारतात. सुरुवात तिथून करा. फत्तेगंजला चिकन-अंडी सहज मिळतात. ताजे बांगडे मात्र विसरा, आणि बाकीचं "कोरडं राज्य" म्हणजे दारूबंदीचं प्रकरण तुम्हाला ठाऊक आहेच.

अवांतर: फेब्रुवारी २०१८ मध्ये ९१ वं साहित्य संमेलन इथे झालं, तेव्हा मुंबईचे पाहुणे विचारत होते, "इथे मराठी कळतं का?"

---

गरब्याला_आलेली

माहेर नाशिक, सासर बडोदा. एकच सांगते. ही नोकरीची बदली म्हणून येऊ नका, वहिनींना नवरात्रात चार दिवस घेऊन या. इथला गरबा गायक समोर बसून गातो, मैदानभर हजारो माणसं एकाच चालीत, आणि स्टेप्स न येणाऱ्यालाही कुणी ना कुणी वर्तुळात ओढतंच. गणपतीतही या, तेव्हा दांडिया बाजार अगदी आपला वाटतो. मग त्यांनाच ठरवू दे. तुम्ही तर आधीच विकले गेलात.

---

डोंबिवली_फास्ट_चुकली

सगळ्यांचे आभार. हा धागा बायकोला अथपासून इतिपर्यंत वाचायला दिला. पुराचा प्रतिसाद तिने दोनदा वाचला, आणि बाबासाहेबांचा वाचून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, घर विकायचं नाही, ते भाड्याने देऊ. नोकरी पक्की झाली तर एप्रिलमध्ये निझामपुरा किंवा फत्तेगंजला वरच्या मजल्यावर अकरा महिने. ती यंदा बिनपगारी रजा मागून बघणार आहे. लायब्ररीचं सभासदत्व पहिल्या आठवड्यात, ही तिची अट.

आता एक बारकी शंका. स्कूटर एमएच-०५ आहे. तीच नेली तर चालेल का?

---

गायकवाडी_चौथी_पिढी

बारा महिन्यांपेक्षा कमी असाल तर चालवा, कागद जवळ ठेवा, भाडेकराराची प्रतही. त्याहून जास्त राहायचं ठरलं तर कल्याण आरटीओची एनओसी घेऊन इथे जीजे-०६ करून घ्यावी लागते, आणि इथला टॅक्स भरून तिथला परत मागावा लागतो. एनओसी अजून डोंबिवलीत आहात तोवर काढायची घाई नको, तिलाही मुदत असते. आणि येताना पोलिस व्हेरिफिकेशनसाठी घरमालक फोटो-आधार मागेल, चार प्रती काढून आणा.