स्क्रीनशॉट पुरत नाहीत
गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे स्क्रीनशॉट काढून ठेवले की लोककलेच्या अभ्यासाला पुरे, असं काही जण म्हणतात, ते मला काही पटत नाही. त्यात शब्द शोधता येत नाही, आवाज तर येतच नाही. आमच्या साकोलीकडे (भंडारा जिल्हा) दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाल्या की ग्रुपवर दंडारीच्या, म्हणजे आमच्याकडच्या नाच-गाण्याच्या लोकनाट्याच्या, व्हॉइस नोटा येऊन पडतात. खरा माल तोच. त्यापेक्षा चॅट एक्स्पोर्ट करा, म्हणजे ग्रुपवरचे संदेश फाईल करून बाहेर काढा. पण मीडियासकट (फोटो, व्हॉइस नोटा धरून) अलीकडचे १०,००० संदेशच निघतात, मीडियाशिवाय ४०,०००. त्यामुळे मंडई आटोपली की लगेच फाईल काढून घ्यायची, पुढच्या वर्षावर ढकलायचं नाही.

आणखी एक गोची. एक्स्पोर्टमध्ये नावं येतात ती आपल्या फोनात सेव्ह केलेली. माझ्या फाईलीत अर्धं गाव 'भाऊजी ट्रॅक्टर', 'मामाजी धानवाले' असं आहे! दोन वर्षांनी मीच डोकं खाजवत बसलो, यातलं दंडारीत बाईचं सोंग कोणी घेतलं होतं? आता कोण कोण ते वेगळ्या वहीत लिहितो. ती वही कपाटात असते, आणि ज्याने गाणं टाकलं त्याला विचारल्याशिवाय फाईल कोणाला देत नाही. फोटो मागतानाही 'डॉक्युमेंट म्हणून पाठव गा' म्हणतो, नाहीतर कधी काढला ती मूळ नोंदच गळून जाते.