भिगवणला कोणती लेन्स नेऊ?

प्रश्न: कॅनन २००डी कॅमेरा आहे, सोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स. गेल्या हिवाळ्यात भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपायला गेलो, तर फोटोत पाणीच पाणी आणि गुलाबी ठिपके. बायको म्हणाली, "हे मोबाईलवरही आलं असतं." ५५-२५० घेऊ की ७५-३००?

उत्तर: ५५-२५०, एसटीएम (फोकसची शांत मोटर) वाली. तिला स्टॅबिलायझर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) आहे, हल्लीच्या ७५-३००ला नाही. तुमचा सेन्सर छोटा, म्हणून २५०ला १.६ने गुणा, म्हणजे थेट ४०० मिमीइतका आवाका. मी सेकंडहँड घेतली. घेताना टॉर्च मारून आत बुरशी बघा. आमच्या कोकणात पावसाळा लेन्सा खातो.

दुसरं उत्तर: पक्षी उडताना स्टॅबिलायझर काय करणार? शटरचा वेग १/१००० सेकंदाहून कमी नको. आणि नावाड्याला इंजिन बंद करायला सांगा.

प्रश्नकर्ता: ठरलं, ५५-२५०. आता किंमत घरी कशी सांगू, तेवढं सुचवा.