मदत हवी आहे: रांगतं बाळ आणि हॉलमधल्या कुंड्या

मुलगी 10 महिन्यांची, नुकती रांगायला लागली आहे. हाताला लागेल ते थेट तोंडात. घर वन बीएचके, बाल्कनी नाही, त्यामुळे झाडं हॉलमध्येच.

डिफेनबाखिया लगेच सासूबाईंकडे पाठवलं. त्याच्या पानांतल्या कॅल्शियम ऑक्सलेटच्या सूक्ष्म सुयांनी तोंडाची आग होते, जीभ सुजते. मनीप्लांटमध्येही तेच, म्हणून तो उंच टांगला, पण पिवळी पानं फरशीवर गळतातच. दिवसातून दोनदा वेचते.

खरी अडचण झेडझेड आणि स्नेक प्लांटची. कुंड्या जड, टांगता येत नाहीत. जाळी लावली, तिने ओढून पाडली. अजून काही खाल्लेलं नाही, पण जीव सारखा टांगणीला. आईने दिलेली झाडं आहेत, देऊन टाकवत नाहीत. भाड्याचं घर, भिंतीला भोकं पाडता येणार नाहीत.

अशा जमिनीवरच्या कुंड्या तुम्ही बाळापासून नेमक्या कशा अडवल्या?