'स्कॅफोल्ड'ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादिका: हाडातली पोकळी भरून काढणाऱ्या सच्छिद्र काचेवरचा लेख मराठीत करतेय. 'बायोॲक्टिव्ह'ला जैवसक्रिय चालेल? आणि 'स्कॅफोल्ड'चं, म्हणजे नवं हाड ज्याच्या आधाराने वाढतं त्या ढाच्याचं, काय? 'सांगाडा' म्हटलं तर हाडांच्याच लेखात घोटाळा होणार.

काचकाम: जैवसक्रिय चालेल. फक्त पहिल्यांदा येईल तिथे खुलासा करा, नाहीतर काच जिवंत आहे असं वाटतं. शरीरातल्या द्रवात काचेतलं सोडियम, कॅल्शियम सुटतं, पृष्ठभागावर सिलिकाचा जेलसारखा थर उरतो आणि त्यावर हाडातल्या खनिजाशी मिळतंजुळतं ॲपेटाइट जमतं. हाड त्यालाच धरतं. लॅरी हेंच यांनी १९६९मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात केलेली ४५एस५ ही काच अशी. तिच्यात वजनाने ४५ टक्के सिलिका. खिडकीच्या काचेत ७०च्या पुढे, म्हणून ती ढिम्म राहते.

स्कॅफोल्डला 'परांची' घ्या. काम झालं की उतरवतात. इथेही हाड भरत जाईल तशी काच विरघळून जावी हीच अपेक्षा.

अस्थिरमती: अहो, परांची बाहेरून बांधतात! इथे हाड छिद्राछिद्रांतून आत वाढतं. 'आधारजाळी' कशी वाटते?

काचकाम: उत्तम, माझी परांची मागे घेतो. पण मग 'सच्छिद्र' तोकडं पडतं. बंद छिद्रं कितीही असली तरी उपयोग शून्य. ती एकमेकांत उघडायला हवीत, आणि मधल्या वाटा साधारण १०० मायक्रोमीटरच्या वर हव्यात, तरच पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात.

अनुवादिका: आणि 'सिंटरिंग'? मी 'वितळवून' लिहिलंय.

काचकाम: खोडा ते! वितळवली तर जाळीचा गोळा होईल. पद्धत अशी: काचेची बारीक पूड पाण्यात कालवायची, थोडा चिकटा घालायचा, त्यात पॉलियुरेथेनचा स्पंज बुडवून पिळायचा. जादा स्लरी, म्हणजे हे कालवण, नीट निघाली नाही तर छिद्रं बुजतात. सगळं कसब तिथेच. वाळल्यावर तापवत नेलं की स्पंज जळून जातो आणि पुढे १००० अंश सेल्सिअसच्या आसपास कण मऊ होऊन एकमेकांना चिकटतात. 'सिंटरिंग'च ठेवा, सोबत 'कण भाजून सांधणे' असा खुलासा द्या. गंमत म्हणजे ४५एस५चा बराचसा भाग या भाजणीत स्फटिकरूप होतो, आणि काचेत अणूंची अशी शिस्तशीर मांडणी नसते, म्हणजे भट्टीतून निघते ती निव्वळ काच नसतेच.

अनुवादिका: मग 'एकमेकांत उघडणाऱ्या छिद्रांची जैवसक्रिय आधारजाळी'?

अस्थिरमती: मजकुरात झकास. शीर्षकात मावणार नाही, तिथे 'सच्छिद्र काच' राहू द्या.