फिटनेस कार्डावर बीएमआय नॉर्मल, पण ६०० मीटरची वेळ घसरली. काळजी करावी का?

लष्करची आई
नमस्कार, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून लिहिते. मुलगी आठवीत आहे, तेरा वर्षांची. शाळेत केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेच्या पद्धतीनं दरवर्षी तंदुरुस्तीची चाचणी होते, त्याचं कार्ड घरी आलं. बीएमआय १७.९, पुढे ‘नॉर्मल’. ५० मीटर बरं. पण ६०० मीटरला ४ मिनिटं ५ सेकंद लागले, सातवीत ३ मिनिटं २५ होते. त्यात वर्गाची यादी नंबरासकट फळ्यावर लावली. तेव्हापासून खेळाच्या तासाला पोट दुखतंय म्हणून ही बाजूला बसते. सासूबाई म्हणतात, अंगानं बारीकच आहे, धावली नाही तर काय बिघडलं? हे म्हणतात, आळस. मला दोन्ही पटत नाही. या आकड्याला किती महत्त्व द्यायचं?

खेळशिक्षिका, ठाटीपूर
ताई, सहावी ते दहावीच्या मुलींच्या या चाचण्या मीच घेते, म्हणून सविस्तर लिहिते. आधी ‘आळस’ हा शब्द घरात बंद करा.

बीएमआय म्हणजे वजन आणि उंची, बस. हृदय-फुप्फुसं किती काम करतात हे त्यात कुठेच येत नाही. ते ६०० मीटरमध्ये दिसतं, म्हणून कार्डावरच्या सगळ्या आकड्यांत मी आधी तोच बघते. सासूबाईंना सांगा, बारीक आणि दम नसलेल्या मुली माझ्या प्रत्येक वर्गात आहेत.

पण ती वेळ कशी घेतली हे विचारल्याशिवाय तिचा अर्थ लावू नका. कोणता महिना, किती वाजता, मातीवर की सिमेंटवर? आपल्या ग्वाल्हेरात एप्रिलच्या शेवटी सकाळी नऊलाच ऊन चटके देतं. डिसेंबरची वेळ आणि ती वेळ शेजारी ठेवून काही कळत नाही. शिवाय मुलींना वेग राखायला कुणी शिकवत नाही. शिट्टी वाजली की मैत्रिणीच्या बरोबरीनं सुसाट सुटतात, पहिल्या वळणाला चेहरा लाल, आणि शेवटच्या फेरीत एक हात कमरेवर ठेवून चालत येतात. पहिली फेरी मुद्दाम सावकाश पळायला लावली, तर त्याच मुलीची वेळ सुधारलेली मी कितीदा पाहिली आहे.

दुसरं, हिमोग्लोबिन तपासा. हे मी प्रत्येक आईला सांगते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. स्नायूंना प्राणवायू रक्तच पोचवतं. ते कमी असेल तर मन कितीही असो, पाय चालत नाहीत. तुमच्या मुलीच्या वयाला १२ च्या खाली आलं तर डॉक्टरांना दाखवा. शाळेतली लोहाची निळी गोळी ती खरंच घेते का, हेही प्रेमानं विचारा. उपाशीपोटी मळमळतं, म्हणून पुष्कळ मुली ती दप्तरात टाकतात. जेवणानंतर द्यावी, आणि तिच्या आगेमागे चहा नको.

तिसरं म्हणजे वय. मुलींची उंची साधारण बाराच्या आसपास झपाट्यानं वाढते, मग पाळी, मग वजन. एकाच बाकावरच्या दोघींत यात दोन-दोन वर्षांचं अंतर असतं. अशा मुलींना एकाखाली एक नंबर देणं मला अजिबात मान्य नाही. मोजायलाच हवं, त्याबद्दल माझं दुमत नाही. स्लोव्हेनियात १९८२ पासून शाळकरी मुलांची तंदुरुस्ती मोजतात, पालकांच्या संमतीनं, दरवर्षी. तिथे मूल गेल्या वर्षी कुठे होतं आणि आता कुठे आहे, हे सलग बघता येतं. फळ्यावरच्या यादीतून यातलं काय कळणार? मुख्याध्यापकांना जाऊन भेटा, एकट्या नको, दोन-चार आया मिळून.

आजोबा, दौलतगंज
सूनबाई, कार्डबिर्ड राहू द्या. आमच्या वेळी तालीम होती, सूर्यनमस्कार होते, कुणी सेकंद मोजले नाहीत. मध्य प्रदेशानं २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यखेळ केलंय. पोरीला दोरीच्या मल्लखांबाला घाला.

एक बाबा
बारीक असण्याबद्दल एक भर. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या अभ्यासात दिसलं की आपली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनानं कमी असली, तरी चरबी त्या मानानं कमी नसते. म्हणजे वरून सडपातळ दिसण्यावर आपण तरी विसंबू नये.

खेळशिक्षिका, ठाटीपूर
आजोबा, मल्लखांबाला नक्की घालू द्या. हात, पोट, पाठ, सगळं घडतं. पण दमाचं काम वेगळं करावं लागतं. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगते, आणि आठवड्यात तीन दिवस स्नायू-हाडांना ताण. मल्लखांबानं दुसरी गरज भागेल. पहिलीसाठी मिनिटभर हळू पळणं, मिनिटभर चालणं, पळताना बोलता येईल इतक्याच वेगानं.

लष्करची आई
सगळ्यांचे आभार. चौकशी केली. सातवीची चाचणी डिसेंबरात मातीच्या मैदानावर झाली होती, यंदाची एप्रिलमध्ये सिमेंटवर, साडेदहा वाजता. आणि हिमोग्लोबिन १०.४ निघालं. निळ्या गोळ्या दप्तराच्या आतल्या कप्प्यात सापडल्या. मी रागावले नाही. डॉक्टरांनी औषध सुरू केलंय. आता रक्त भरेपर्यंत पळवू की नको?

खेळशिक्षिका, ठाटीपूर
रागावला नाहीत, फार बरं केलंत. डॉक्टरांना विचारून हलकी हालचाल सुरू ठेवा. संध्याकाळी मेळा मैदानात चालणं, सायकल, दोरीच्या थोड्या उड्या. चक्कर आली किंवा छाती धडधडली तर लगेच थांबायचं. ६०० मीटर मात्र पुन्हा रक्त तपासल्याशिवाय मोजू नका, आत्ताची वेळ तिला उगाच खट्टू करेल. आणि शाळेकडून यंदाच्या नोंदीपुढे ‘एप्रिल, सिमेंट, साडेदहा’ एवढं लिहून घ्या. नववीत जे शिक्षक कार्ड बघतील त्यांना ते लागेल.